पढवलेलं उत्तर

यंदा आरोग्य विम्याचा हप्ता भलताच वाढला, त्यात तंबाखूवाल्यांना आणखी जास्त. म्हणून पॉलिसी काढतानाच कैलासनं आईला बजावलं होतं, "कुनीबी इचारू दे, मिश्री लावत न्हाई म्हनायचं. न्हाईतर हप्ता परवडायचा न्हाई."

दिवाळीनंतर आईच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला. तो काही केल्या जाईना. हिंजवडीला ऑफिसला निघता निघता कैलासनं पॉलिसीसोबत फुकट मिळणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू करून आईसमोर धरला. कॉल रेकॉर्ड होतोय, हे बाईंनी आधीच सांगितलं.

"मावशी, तंबाखू, मिश्री, असं काही लावता का?"

आईनं कैलासकडं पाहिलं. त्यानं बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"न्हाई बाई. कवाच न्हाई."

"मग घाबरू नका, दात लागत असेल. मलम लिहून देते."

फोन बंद झाला.

आईनं कनवटीची मिश्रीची डबी काढली, हिरडीवर बोट फिरवलं आणि काळ्या दातांनी हसत म्हणाली, "तू शिकवलं तसंच बोलले बग. चुकले का कुटं?"