चिपळीचं पथ्य

"काकू, दूध एकदम बंद. ते पचत नाही, म्हणून तर पिल्लाचं पोट बिघडलंय," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उकडलेली कोंबडी द्या, बिनमिठाची. नाहीतर हे आठवडा काढणार नाही."

गेल्या महिन्यात काकूंच्या यजमानांनी, म्हणजे कीर्तनकार बुवांनी, हे मांजरीचं पांढरं पिल्लू उपरण्यात गुंडाळून घरी आणलं होतं. "आमची चिपळी सात्त्विक वाढणार, नैवेद्याच्या दुधावर," असं ते येईल त्याला कौतुकानं सांगायचे. आठ दिवसांनी बुवा गेले. काकूंनी मात्र चिपळीचं दूध एकदाही चुकवलं नव्हतं.

ज्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही, तिथे त्या दुपारी मागच्या पडवीत कोंबडी शिजली. तोच आतल्या खोलीत बुवांच्या चिपळ्या वाजल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"अहो, रागावू नका," काकू मागे न बघताच म्हणाल्या. "तुमचा शब्द मोडतेय, कळतंय मला. पण तुम्हीच आणलंत ना हिला? हीसुद्धा गेली, तर मी बोलायचं कुणाशी?"

चिपळ्या थांबल्या. पिल्लू लटपटत उठलं आणि आतल्या खोलीत गेलं. थोड्या वेळानं ते शेपटी उभारून परतलं आणि त्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली.

काकूंनी त्याला उचलून घेतलं. बुवा गेल्यापासून बुक्क्याची डबी कपाटात बंद होती. तरी चिपळीच्या पांढऱ्या कपाळावर, कीर्तनात बुवा श्रोत्यांना लावायचे तसंच, बुक्क्याचं काळं बोट उमटलं होतं.