दीर्घ श्वास

दोन वर्षं घरून काम करून आम्ही कराडच्या ऑफिसात परतलो, तर पहिल्याच सकाळी मन:स्वास्थ्याचं सत्र ठेवलेलं. साताऱ्याहून एक बाई शिकवायला आल्या होत्या.

माझ्या शेजारची, खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. ती धनाजीची. कोरोनात आटपाडीला घरी धाप लागत असतानाही तो काम करत राहिला आणि गेला. जयराज साहेबांनी त्याला रजा दिली नव्हती. त्या सकाळी त्याचं नावही कुणी काढलं नाही.

"डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या," बाई म्हणाल्या.

खोली शांत झाली. मग माझ्या शेजारून घरघरती धाप ऐकू येऊ लागली. शेवटच्या आठवड्यात फोनवर मी ती रोज ऐकली होती आणि रोज म्हणाले होते, "तेवढा रिपोर्ट पाठव."

"खिडकीजवळचे दादा, घाई करू नका," बाई म्हणाल्या.

धाप वाढतच गेली. पुढून जयराज साहेबांचा बारीक आवाज आला, "धनाजी, रजा दिली रं तुला. जा आता घरी."

धाप थांबली.

"छान. आता सगळ्यांनी डोळे उघडा."

कुणीच उघडले नाहीत. माझ्या कानाशी कुणीतरी बोलण्यासाठी श्वास घेत होतं.