चारातले दोन

“माह्या गाडीचे दोन सिलिंडर कोणं बंद केले?”

नितेशने बैठकीत पाय ठेवता ठेवताच हे विचारलं. प्रतीक्षाच्या, म्हणजे त्याच्या बहिणीच्या, होणाऱ्या सासरची मंडळी साक्षगंधाची तारीख काढायला येऊन बसली होती. चहा नुकताच फिरला होता. त्याचे वडील किसनराव व्याह्यांच्या शेजारी नवं धोतर नेसून बसले होते. त्यांनी मुलाकडे एकदा पाहिलं आणि नजर सतरंजीवर नेली.

नितेश अमरावतीला बियाण्यांच्या कंपनीत मॅनेजर. दर शुक्रवारी संध्याकाळी तो बार्शीटाकळीला घरी यायचा. सगळं घर बसेल अशी मोठी गाडी घे, असं आई सांगत असताना त्याने ही टर्बो इंजिनची घेतली होती. पाय दाबला की पाठ सीटला चिकटली पाहिजे, एवढीच त्याची अट. पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत तो गाडीवर बेहद्द खूश होता. त्यानंतर मात्र समोरच्या पडद्यावर मधूनच अक्षरं उमटायला लागली, ‘दोन सिलिंडर’. ती दिसली की त्याला गाडीत नुसता आळस जाणवायचा. दाबलं तर ती आधी विचार करायची आणि मग धावायची. आज तर मूर्तिजापूरजवळ एक खटारा जीप त्याला मागे टाकून गेली, वर हॉर्न वाजवून. इंजिन चार सिलिंडरचं आणि चालतंय दोनावर! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग आठवलं, गाडी सर्व्हिसिंगला अकोल्यात होती त्या दिवशी बाबाही कसल्याशा कामाने अकोल्याला गेले होते.

“म्या सांगतलं,” किसनराव हळूच म्हणाले. “तिथल्या साहेबाले. दोन बंद करून टाका मनलं.”

“कावून?”

“जोर लय हाये रे तिच्यात.”

“तुमाले काय कळते गाडीतलं? बैलाले वेसण घालता तशी माह्या गाडीले घालाले निघाले! अडाणी ते अडाणीच राहाल तुमी.”

व्याह्यांनी कप बशीत ठेवला. आतल्या दारात त्याची आई गोदाबाई पोह्यांच्या ताटल्या घेऊन तशाच थबकल्या. प्रतीक्षाने पदराआडून भावाकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर तिथेच वरमला असता. नितेश वरमला नाही. किसनराव व्याह्यांकडे वळून म्हणाले, “घ्या, च्या थंडा होऊन राहिला.”

सकाळी नितेश अकोल्याच्या वर्कशॉपात जाऊन उभा राहिला. भांडायच्या तयारीनेच गेला होता. तिथल्या मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं आणि तो हसत सुटला.

“साहेब, असे कोणी सिलिंडर बंद करत नसते. तुमची गाडी कंपनीतूनच तशी आहे. सावकाश चालवली की दोन सिलिंडर आपोआप झोपतात, पेट्रोल वाचतं. जोराने पाय दाबला की चारही जागे. आधीही होतच होतं, सर्व्हिसिंगच्या वेळी आमच्या पोरांनी पडद्याचं सेटिंग बदलून ठेवलं म्हणून तुम्हाला आता दिसतंय.”

“मग माझे वडील...”

“ते काका तुमचे वडील होय!” मॅनेजरला आणखी हसू आलं. “दोन तास हात जोडून उभे होते. पोराची गाडी अर्धी करून द्या म्हणे. काही केल्या ऐकेनात. म्हणत होते, शुक्रवारी पोरगा अमरावतीहून निघाला का तो घरी येईलोक मले घास गिळवत नाई. काय करता? बॉनेट उघडलं, इकडेतिकडे पाना फिरवला आणि सांगितलं, काका, झालं तुमचं काम, दोन बंद केले. केवढे खूश होऊन गेले! अजून आम्ही त्यांची आठवण काढतो.”

मागे काम करणारी पोरंही हसली. नितेशला त्यांचा राग आला, पण तो टिकला नाही. या परक्या माणसाने निदान बाबांची समजूत घालून त्यांना आनंदात घरी पाठवलं होतं. आपण काय केलं? काल बैठकीत बोललेला शब्द न् शब्द त्याला आठवला आणि त्याची मान वर होईना. मॅनेजर चहा घेता का म्हणून विचारत होता. तो तसाच बाहेर पडला.

परत येताना सगळा रस्ता पडद्यावर ‘दोन सिलिंडर’ होतं. ट्रॅक्टर पुढे गेले, एक ऑटोही पुढे गेला. त्याने जाऊ दिलं.

किसनराव अंगणात बाजेवर बसले होते. गाडीतून उतरलेल्या मुलाला पाहून तेच आधी उठले.

“आणले चारी सुरू करून? बेस केलं,” ते म्हणाले. “चुकलंच माहं. तुयी चीज, तुले न इचारता म्या हात लावाले नोता पाह्यजे. माह्याच्यानं पाव्हण्यायसमोर तुले खाली पाहा लागलं.”

नितेशला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. माफी मागायला त्याने तोंड उघडलं. पण बाबांच्या डोळ्यांत पाहिल्यावर खरं काय ते त्याला सांगवेना. खरं एवढंच होतं की, चारही सिलिंडर शाबूत होते.

“नाई झाले सुरू,” तो म्हणाला. “ते मनते, एक डाव बंद केले का मंग होत नाई.”

“कायमचे?”

“कायमचे.”

“अरेरे!” किसनराव हळहळले, आणि चेहऱ्यावरचा आनंद पोराला दिसू नये म्हणून त्यांनी लगबगीने मान फिरवली.