दिवेलागणीचा बँड

“वटवाघळं रे बाबा, वटवाघळं!” आनंदीबाई हसता हसता पदराने डोळे पुसत म्हणाल्या. “तुमच्या दणदणाटाला भिऊन ती चिकूवर बसत नाहीत. नाहीतर ह्यांनी गॅरेज फुकट दिलं असतं होय? आधी रोज दिवेलागणीला हेच डबा बडवत वाडीत फिरायचे. आता तुम्ही बडवता!”

संग्राम ओटीवर बसला होता. हातातल्या चहावर साय धरली तरी त्याला प्यायचं सुचेना. खरं तर आज तो एक मोठी बातमी घेऊन आला होता. वडिलांच्या ओळखीने पुण्यात नोकरी चालून आली होती आणि बँडसाठी तो ती नाकारणार होता. हे घरी सांगायच्या आधी त्याला आनंदीबाईंच्या नवऱ्याला, एकनाथकाकांना सांगायचं होतं. कारण काका म्हणजे त्यांच्या बँडचे एकमेव श्रोते.

आता तिथे बिल्डिंग उभी आहे, पण त्या काळी, म्हणजे एकोणीसशे नव्याण्णवात, उमेळ्याला काकांच्या चिकूच्या वाडीत टेम्पोसाठी बांधलेलं पत्र्याचं गॅरेज होतं. टेम्पो विकला गेला आणि गॅरेज रिकामं पडलं. वसई रोडच्या तीन सोसायट्यांमधून हाकललेली ही मंडळी तिथे येऊन पोचली आणि बँडचं नावच त्यांनी ‘पत्रा’ ठेवलं. संग्राम गिटार वाजवायचा आणि गायचा, म्हणजे ओरडायचा. संपदा घरी कॉम्प्युटर क्लास सांगून बेस वाजवायला यायची. पापडीचा सिप्रियन मामाच्या लग्नाच्या बँडमधले म्हातारे ड्रम बडवायचा. गाणी त्यांची स्वतःची होती. त्यातलं सगळ्यात कर्कश गाणं टँकरवर होतं. गावच्या विहिरी उपसून नवीन बिल्डिंगांना पाणी विकणाऱ्या टँकरवर.

काकांची अट एकच होती. “रोज दिवे लागायच्या वेळेला यायचं. खाडा नाही.”

बँडची कारकीर्द काय वर्णावी! पापडीच्या फनफेअरमध्ये दुसऱ्याच गाण्याला मंडपवाल्याने वायर उपटली. मुंबईच्या एका कॉलेजात पोरं आधी हसली, मग चप्पल आली. सिप्रियनने ती जपून ठेवली. म्हणाला, जोडीतली दुसरी आली की घालीन. स्वतःच कॅसेट काढली, ती नातेवाइकांनी कौतुकाने घेतली आणि तिच्यावर हळदीची गाणी भरली. तरीही तिघांना कधी हरल्यासारखं वाटलं नाही. गॅरेजच्या दाराबाहेर, चिकूच्या पालथ्या पेटीवर, काका पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत बसलेले असायचे. टाळी कधी वाजवली नाही, वाहवा कधी केली नाही. पण उठूनही कधी गेले नाहीत. जगाला कळत नसेल, ह्या एका माणसाला कळतं, एवढ्या भांडवलावर संग्रामने तीन वर्षं काढली होती.

आणि काका राखण करत होते. चिकूची!

त्याने गॅरेजमध्ये जाऊन दोघांना सांगितलं. सिप्रियन पोट धरून हसला. “भारी ना यार! निदान वटवाघळांना तरी आपला राग येतो.”

“कुणाच्या तरी उपयोगी पडतोय ना आपण?” संपदा म्हणाली.

“बुजगावणं आहोत आपण,” संग्राम म्हणाला. “मी पुण्याला जातोय. संपलं सगळं.”

संपदाने बेसची वायर गुंडाळायला घेतली आणि तिचे डोळे भरून आले. संग्रामलाही रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. तो तसाच बाहेर आला. काका पेटीवर येऊन बसले होते.

“काका, आजपासून बँड बंद. वटवाघळांसाठी दुसरं काहीतरी बघा.”

काकांनी चमकून वर पाहिलं. “काकी बोलली वाटतं?”

“खोटं आहे का?”

काका म्हणजे उभ्या आयुष्यात मनातलं फारसं न बोललेला माणूस. त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी नुसतं बोट वर केलं. अंधारू लागलेल्या चिकूच्या फांद्यांत काळी काळी धुडं लोंबत होती. अर्धवट खाल्लेला एक चिकू पत्र्यावर आपटला.

“आठवडाभर भ्यायली असतील,” काका म्हणाले. “मग सरावली. तीन वर्षं तुम्ही वाजवताय नि ती डोक्यावर बसून खातायत.”

“मग डबा का नाही घेतलात पुन्हा?”

“डबा बडवला असता तर तुमचं ऐकू आलं असतं का?”

संग्राम पेटीशेजारी खाली बसला.

“टँकरवाले आले तेव्हा गावात सभा झाली होती,” काका खाली मान घालून म्हणाले. “माझी विहीर पहिली आटली. उठून बोलायचं ठरवून गेलो होतो, पन्नास माणसं बघितली नि तोंडातून शब्द फुटेना. तसाच घरी आलो. तू ते गाणं म्हणतोस ना, गळ्याच्या शिरा ताणून... ते मला ओरडायचं होतं, पोरा.”

आत, गॅरेजच्या दारापाशी, सिप्रियन आणि संपदा कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. घराच्या ओटीवर दिवा लागला. आनंदीबाईंची चाहूल लागताच काका गडबडीने संग्रामच्या कानाशी आले.

“काकीला काही बोलू नको हां. झाडं म्हातारी झाली म्हणून चिकू कमी लागतो, असं सांगून ठेवलंय मी तिला.”