सात आठे चौपन्न

मुख्याध्यापकांनी फळ्यावर 'सात आठे चौपन्न' लिहिलं आणि ते साळसूद चेहऱ्यानं वर्गाकडे वळले. मुलांची भीड चेपावी म्हणून मुद्दाम चुकायचं, ही त्यांची युक्ती. शिकाऊ शिक्षकांच्या कितीतरी तुकड्यांना त्यांनी ती शिकवली होती. आज मागच्या बाकावर संस्थेचे अध्यक्ष होते. सरांना मुदतवाढ की नारळ, हे ठरायचं होतं. अध्यक्षांनी शेजारी बसलेल्या उपमुख्याध्यापिकेला मोठ्यानंच विचारलं, "हे चुकून लिहिलं की मुद्दाम, बाई?" सर निर्धास्त होते. ती त्यांचीच विद्यार्थिनी. याच युक्तीवर तिनं पहिला पाठ गाजवला होता. "मुद्दाम कसलं, साहेब! हल्ली असंच होतं त्यांचं," ती हळहळली. "सर, चुकलात! छप्पन्न!" पोरं ओरडली. सरांनी उघडलेलं तोंड मिटलं. 'मुद्दाम केलं' हे चुकलेला प्रत्येक म्हातारा म्हणतोच. त्यांनी खडू पुढच्या मुलीला दिला. "शाबास, बाळ! तूच दुरुस्त कर."