झाकली मूठ

नेदरलँड्समधल्या झांडफोर्टजवळ समलिंगी पुरुषांचा नागडा किनारा आहे. माउरिट्स पहिल्यांदा तिथंच भेटला, म्हणून त्याला लग्नाचं विचारायचं तेही तिथंच, असं योरिसनं ठरवलं. कपडे उतरवून वाळूत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की अंगठी ठेवायला आता खिसाच नाही. मग काय, ती मुठीत आवळून तो एका हातानंच पोहला, एका हातानंच मासा खाल्ला आणि माउरिट्सच्या पाठीला क्रीमही एका हातानंच चोळलं.

"अरे, दुसरा हात काय भाड्यानं दिलायस?" माउरिट्स कुरकुरला.

योरिस गडबडला. "आणि तू? मघाशी माझी पाठ तूही एकाच हातानं चोळलीस की."

माउरिट्स कानापर्यंत लाल झाला.

"वाळूत हरवली असती, तर तुझ्या बोटात काय घातलं असतं मी?" म्हणत माउरिट्सनं स्वतःची मूठ उघडली.