तिसरा पट

घड्याळजीच्या बायकोने खोका उघडला आणि पांढरा राजा नवऱ्यापुढे ठेवला. "बघा तरी उचलून."

त्याने उचलला. "वा! याला म्हणतात राजा. नाहीतर ती आधीची चिल्लीपिल्ली!"

सहा महिन्यांतला हा बुद्धिबळाचा तिसरा पट. पहिल्याच्या सोंगट्या प्लास्टिकच्या, हात लागला की अर्धी फौज आडवी. "हलका माल," असं त्याचं म्हणणं. दुसरा प्रवासातला, पटाला भोकं आणि सोंगट्यांना खुंट्या. त्या भोकांत खुंट्या बसवता बसवता त्याला घाम फुटला आणि शेवटी त्याने अख्खा पट भिंतीवर भिरकावला. जन्मभर केसाएवढे स्क्रू बसवलेला माणूस! दुकान बंद करून वर्ष झालं होतं. पण हात कापतो, हे या घरात अजून कोणी तोंडातून काढलेलं नव्हतं. दोष सगळा सोंगट्यांचा.

म्हणून या खेपेला तीच खेळांच्या दुकानात गेली आणि एकेक राजा तळहातावर जोखत बसली. बुडाशी शिसं भरलेला हा सगळ्यात जड. "स्पर्धेसाठी का?" दुकानदाराने विचारलं. "हो," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार?

रोज दुपारी पुस्तकातला एक डाव मांडायचा आणि प्रत्येक खेळी स्वतःच्या हाताने चालवून बघायची, एवढाच त्याचा उद्योग उरला होता. तोही सुटला तर हा माणूस अंथरूण धरेल, या धास्तीने तिला झोप लागत नसे. उलटताना पानं फाटायला लागली तेव्हा वाचायचं काम तिच्याकडे आलं. खेळ येत नव्हता, पण पटाच्या काठावरची अक्षरं-आकडे तिला पाठ झाले होते.

ती वाचत गेली, तो चालवत गेला. सोंगट्या डुलल्या, पण एकही पडली नाही. बारा खेळ्या झाल्या आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"पांढरा हत्ती, ई-एक."

त्याने हत्ती उचलला. हात हवेत थरथरला, घरावर आला, हुकला. हत्ती शेजारच्या घरात ठक्कन बसला. डी-एक.

"बसला ना?"

"बसला," ती म्हणाली.

"पुढे."

काळ्याची खेळी झाली. मग तिने वाचलं, "पांढरा हत्ती, ई-आठ. शह."

तो हत्तीकडे बघत राहिला. हत्ती सरळ जातो. डी-एकवरून ई-आठ गाठता येत नाही, एवढं तिलाही कळत होतं. त्याने उजवा हात मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने दाबून धरला.

"अहो, मी जरा सरकवते..."

"हात लावू नकोस! पुस्तकात चूक आहे."

"पुस्तकात?"

"छापणाऱ्यांचा गलथानपणा, दुसरं काय? हत्ती डी-एकलाच हवा. पेन्सिल आण."

ती पेन्सिल घेऊन आली. क्षणभर तिला वाटलं, तो हात पुढे करील. त्याने केला नाही.

"तूच लिही."

तिने ई-एकमधला 'ई' खोडला आणि वर 'डी' लिहिला. तो वाकून तिचं अक्षर तपासत होता, गिऱ्हाईकाचं घड्याळ तपासायचा तसं.

"हं. पुढचं वाच," तो म्हणाला. "आणि पेन्सिल हातातच असू दे."